मागाचे कान

बडेसाबांचे कान कशानं गेले हे मी आधी ठरवलं आणि मग तपासलं. गोष्ट त्यांची आहे, पण सुरुवात माझ्या या चुकीपासूनच करायला हवी. नाहीतर ते पुन्हा येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहतील, आणि ते उभे राहिले की काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे.

मी सुकन्या. सोलापुरातल्या एका दवाखान्यात कानांची तपासणी करते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचा, बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. आलेख मी काढते, त्याखाली शेरा मी लिहिते, सही आमच्या डॉक्टर सरांची. माझे वडील, आम्ही त्यांना नायना म्हणतो, पस्तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणत होते. आमच्या विडी घरकुल वसाहतीत मागवाल्याला कमी ऐकू येणं म्हणजे केस पिकण्याइतकी साधी बाब. माणूस घरात ओरडूनच बोलणार, टीव्ही चार घरांना ऐकू जाईल एवढा लावणार, आणि बायको म्हणणार, "मागाचे कान हायत, सोडा." त्यासाठी डॉक्टरकडं जायचं असतं हे मला शिकायला गेल्यावर कळलं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी भारत नावाचा गृहस्थ बडेसाबांना घेऊन आला. भारतचा ब्रास बँड आहे. बडेसाब त्या बँडचे मास्तर, क्लॅरोनेट वाजवतात. वय बावन्न, अंगानं काटक, पांढरा स्वच्छ शर्ट. दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काम, लग्नसराईत बँड. शहराच्या पूर्व भागात मुलीच्या पाठवणीला जी एक चाल वाजते, जी ऐकली की कोरड्या डोळ्यांचे मामेसुद्धा रुमाल काढतात, ती या माणसानं बांधली आहे. माझ्या लग्नात तीच वाजली होती. ती सिनेमातली असणार असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"मॅडम, मास्तरांना आता काहीच ऐकू येत नाही की," भारत म्हणाला. "पाठवणीच्या चालीत दुसऱ्या ओळीला दर वेळी मागं राहतात. सगळा बँड पुढं, मास्तर मागं. लोक हसायला लागलेत. या सीझनला मी की-बोर्डवाला ठरवलाय. तुम्ही कागद दिला म्हणजे त्यांच्याही मनाला पटेल, एसटीची सवलत पण मिळेल."

भारत वाईट माणूस नव्हे. पंधरा वर्षं त्यानं या माणसाला मास्तर म्हणून मान दिला होता, आणि आता मानानंच घरी बसवायचं होतं. त्यासाठी माझा कागद हवा होता.

मी फॉर्म भरला. व्यवसायाच्या रकान्यात "यंत्रमाग कामगार" लिहिलं आणि तिथंच माझं डोकं बंद पडलं. हेडफोनची तपासणी केली. दोन्ही कान बरेच गेलेले. यानंतर आणखी एक तपासणी असते. हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र बसवायचं, म्हणजे आवाज कानाच्या भोकातून न जाता हाडातून सरळ आतल्या नसेपर्यंत पोचतो. आवाज हाडातूनही येत नसेल तर नस मेलेली. हाडातून येत असेल तर नस जिवंत आहे आणि बिघाड वाटेत कुठंतरी आहे. बाहेर तीस माणसं रांगेत होती. मागवाल्याची नस मेलेलीच असते, त्यात काय बघायचं? मी ती तपासणी घेतली नाही. शेरा लिहिला: "दीर्घकाळ मोठ्या आवाजामुळे दोन्ही कानांच्या नसा निकामी. बहिरेपण कायमस्वरूपी." सरांनी कागदांच्या गठ्ठ्यात त्यावर सही केली.

बडेसाबांनी कागद दोनदा वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे कायमस्वरूपी कुणी ठरवलं?"

मी हातवारे करून, ओठ मोठे हलवून सांगितलं की मागाच्या आवाजानं नस जाते, गेली की येत नाही. मागवाल्यांना ओठ वाचता येतात, कारखान्यात दुसरा इलाजच नसतो.

"माजे कान मागानं न्हाय गेले," ते म्हणाले. अगदी हळू बोलले. "ह्यो शब्द खोडा."

भारतनं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मी पुढचा नंबर पुकारला.

पुढच्या मंगळवारी ते एकटे आले. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर कागद टेबलावर ठेवला, बोट त्याच शब्दावर. "खोडा." मी म्हटलं, सरांची सही झालीय, आता काही होत नाही. ते गेले. त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा. माझ्या नाकी नऊ आले. शिपायाला सांगून ठेवलं तर शिपायाच्याच मुलीच्या पाठवणीला बडेसाब वाजवून आले होते, तो त्यांना खुर्ची द्यायला लागला.

चौथ्या मंगळवारी त्यांची बायको जुलेखा बरोबर होती. बाई बोलक्या. त्यांच्याकडं कारणांचा साठा होता. "तंबाखूनं गेले बघा. न्हायतर लगीन व्हायच्या आदी टीबी झाल्ता, तवा ढिगानं सुया टोचल्या, त्येनं. भारतभाऊ म्हनत्यात डीजेच्या गाडीमागं उभं ऱ्हाऊन गेले. माजी सासू म्हनायची, नजर."

बडेसाब तिच्या ओठांकडं बघत होते. "हिला इचारा," ते मला म्हणाले, "टीबीच्या सुया मला इसाव्या वर्सी टोचल्या. कान जायला लागले तिसाव्या वर्सी. सुया दहा वर्सं वाट बगत बसल्या व्हय? तंबाखू माज्यापरीस माजा मेव्हना जादा खातो, त्येला पलीकडल्या गल्लीतली भांडनं ऐकू येत्यात. डीजे आला काल-परवा. आनि माजी आई, तिकडं केम गावाला, ती बी ऐन तारुन्यात भैरी झाली. लोक म्हनायचे, कुंकवाच्या चक्कीच्या आवाजानं. चक्कीवर बाप जायचा. आई एक दीस बी चक्कीवर गेली न्हाय, आनि बाप मरस्तवर मुंगीचं बी ऐकत हुता."

मी हे सगळं ऐकून घेतलं, म्हणजे कानाडोळाच केला. आईला होतं, मुलाला आहे, हे वाक्य ऐकून कानांचं शिक्षण घेतलेल्या बाईनं खुर्चीतून उठायला हवं होतं. मी घड्याळ बघत होते.

नेमके तेव्हाच सर चहा घेऊन बाहेर आले. सरांना जुन्या युरोपी संगीताचा नाद आहे. हे गृहस्थ चाली बांधतात म्हटल्यावर ते थांबले, समोर बसले आणि ओठ नीट हलवत सांगायला लागले. बीथोव्हेन नावाचा एक फार मोठा जर्मन संगीतकार होता, त्याचेही कान तिशीच्या आतच बिघडायला लागले आणि पुढं पुरता बहिरा झाला, तरी चाली करतच राहिला. सरांना त्यातून धीर द्यायचा होता.

"कशानं गेले त्येचे कान?" बडेसाबांनी विचारलं.

"ते अजून नक्की ठरलेलं नाही. कुणी म्हणतं ताप आला होता, त्यानं. कुणी म्हणतं पोटाचा जुना आजार होता, त्याचंच कानावर गेलं. त्याच्या केसांत शिसं सापडलं, म्हणून कुणी म्हणतं शिश्यानं. कुणी म्हणतं कानातलं हाड जखडलं होतं."

"किती वर्सं झाली?"

"जाऊन दोनशे होत आली."

बडेसाबांनी जुलेखाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दोनशे वर्सं डागदर लोक भांडत्यात, आनि ह्या मॅडमनी माजं दहा मिन्टात ठरिवलं!"

रांगेतला एक माणूस हसला. मला राग आला. सर मात्र रंगात आले होते. "गंमत पुढंच आहे. त्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं की, मी मेल्यावर माझा आजार काय होता ते लोकांना सांगा. डॉक्टरांनी कवटी उघडली, कानाची हाडं कापून बाजूला काढली. आणि ती हाडं हरवली! आजतागायत सापडली नाहीत, असं सांगतात."

"हरवली?"

"हरवली."

बडेसाब उठले. टोपी काढली आणि दोन्ही हातांनी कानांमागची हाडं धरून माझ्या टेबलावर वाकले. आवाज तेवढाच हळू. "त्येची हरवली, मॅडम. माजी अजून हितंच हायत. बगा की! मी मेल्यावर बगनार हाय का?"

हाडंच तर मी बघितली नव्हती. ते फक्त मला माहीत होतं, आणि हा माणूस नेमक्या त्याच जागी हात ठेवून उभा होता.

सर म्हणाले, "तो म्हणे दातात काठी धरायचा आणि काठीचं दुसरं टोक पियानोला लावायचा. तेवढंच त्याला जाणवायचं."

"मी बी तेच करतो," बडेसाब म्हणाले. पिशवीतून त्यांनी क्लॅरोनेट काढलं. तोंडात धरलं, वरचे दात त्याच्या चोचीवर टेकवले आणि दोन सूर फुंकले. सगळी ओपीडी वळली. "ह्ये दात हितं टेकले की माजा सुर मला डोक्यात ऐकू येतो, लख्ख. दात उचलला की गेला. दुसऱ्यांचं वाजवनं मातर ऐकू येत न्हाय. मी कानानं न्हाय, दातानं ऐकतो. आनि आनखी एक सांगतो, हसू नका. माग चालू असले की मला मान्सांचं बोलनं जास्त कळतं. माग बंद पडले, लाइट गेली, की भैरा."

जुलेखा हसल्या. मी हसले नाही. मागाच्या गोंगाटात जास्त ऐकू येणारा माणूस मी घरकुलात कधी पाहिला नव्हता, पण पुस्तकात वाचला होता. कानातलं हाड जखडलेल्या माणसाला गोंगाट कमीच ऐकू येतो, त्याच्यापर्यंत पोचतं ते समोरच्यानं गोंगाटावर मात करायला चढवलेलं बोलणं. असा माणूस स्वतः हळू बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडातून मोठा ऐकू येत असतो. चार मंगळवार हा माणूस माझ्यासमोर हळू बोलत होता. मागवाले ओरडतात. मी मागवाल्याची मुलगी, ओरडण्यात वाढलेली, आणि माझ्या हे ध्यानात आलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

मी ड्रॉवरमधून चिमटा काढला. आमच्याकडं कान तपासायला स्टीलचा दुशाखी चिमटा असतो, आपटला की एकच सूर देतो. तो आपटून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. कुठं मोठा येतो? मागवाल्यांना समोर मोठा येतो. बडेसाबांनी क्षणाचाही विलंब न लावता मागचं हाड दाखवलं. वर म्हणाले, "तुमच्या चिमट्याचा सुर काळी पाचच्या जरा वर हाय."

मग काचेच्या खोलीत नेऊन राहिलेली तपासणी घेतली. हेडफोनची रेघ खाली होती, तशीच राहिली. हाडाची रेघ बरीच वर आली, जवळजवळ धडधाकट कानाची. दोन रेघांमध्ये हात घालता येईल एवढं अंतर. मागवाल्याच्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आकड्यापाशी एक खड्डा असतो, तो मला डोळे मिटून काढता येतो. पहिल्या आलेखात तो खड्डा नव्हताच. मी तो मनातल्या मनात पाडला होता.

सरांकडं गेले आणि सांगितलं की मी दुसरी तपासणी घेतलीच नव्हती, शेरा अंदाजानं लिहिला. सर मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. बोलायलाच हवं होतं. मग बाहेर येऊन त्यांनी बडेसाबांना समजावलं की कानाच्या पडद्यामागं तीन बारीक हाडं असतात. त्यातलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, हलायला हवं. तुमचं जखडलंय. हे घराण्यात चालत येतं, तुमच्या आईचंही तेच असणार. ऑपरेशन करून बदलता येतं. "आणि गंमत म्हणजे," सर म्हणाले, "त्या अडकलेल्या हाडानं कापसाच्या बोळ्यासारखं काम केलं. मागाचा आवाज आत कमी गेला. म्हणून तर तुमची नस वाचली असेल."

मी जुना कागद फाडायला उचलला. बडेसाबांनी माझा हात धरला.

"फाडू नका. खोडा. खोडलेलं दिसलं पायजे."

मी तो शब्द खोडला, शेजारी सही केली. नवा कागद वेगळा दिला, तो त्यांनी नीट बघितलासुद्धा नाही. खोडलेला कागद मात्र घडी करून क्लॅरोनेटच्या पेटीत ठेवला.

त्या रविवारी, सुट्टी असून, मी नायनांना दवाखान्यात आणलं. एवढी वर्षं मी लोकांचे कान तपासते, घरातल्या कानांना कधी हेडफोन लावला नव्हता. दोन्ही तपासण्या घेतल्या. हाडाची रेघही खालीच होती, आणि चार हजारांवर तो खड्डा. नायनांचे कान खरोखर मागानंच गेलेत, ते परत येणार नाहीत. मी काचेपलीकडं बसून रडले. ते हेडफोनसकट "काय झालं? काय झालं?" म्हणून ओरडत होते. निकाल तोच, पण आता तपासलेला.

ऑपरेशनला एक अडचण होती. सरांनी स्पष्ट सांगितलं की त्यानंतर तीन महिने जोर लावून काही फुंकायचं नाही, नवं हाड सरकू शकतं. शिवाय शंभरात एखाद्याचा कान पुरता जातो. म्हणजे ही लग्नसराई हातची गेली. भारत म्हणाला, "मास्तर, तेच तर मी म्हणत होतो, घरी बसा." जुलेखा म्हणाल्या, आता वय झालं, कशाला नसती कापाकापी, दातानं ऐकताय तेवढं पुरं. बडेसाबांनी दोघांचे ओठ शेवटपर्यंत वाचले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली. "दातानं मला माजंच ऐकू येतं," ते म्हणाले. "बँड येत न्हाय. बँड ऐकायचा हाय."

ऑक्टोबरात डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी त्यांनी पहिली तक्रार केली की दवाखान्याचा पंखा कर्कश आहे, तेल घाला.

नोव्हेंबरात त्यांचा निरोप आला की दुपारी बँडच्या दुकानात या, सराव आहे. गेले. पत्र्याचं दुकान, भिंतीला लाल कोट टांगलेले, वादक बाकांवर बसलेले. नवा की-बोर्डवाला कोपऱ्यात तारा जोडत होता. बडेसाब हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसले होते, क्लॅरोनेट पेटीत बंद. भारत नेहमीप्रमाणं ओरडला, "मास्तर, तुमचीच चाल वाजवतो, ऐकाऽऽ!"

"वरडू नगंस," बडेसाब म्हणाले.

बँडनं सुरुवात केली. ट्रम्पेटवर धनाजी नावाचा चाळिशीचा वादक पुढं होता. पहिली ओळ झाली. बडेसाबांचे डोळे भरून आले, भारतचेही. वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेली स्वतःची चाल दुसऱ्यांच्या वाद्यांतून पोचत होती आणि दात कशालाही टेकलेले नव्हते. मीही पदर शोधत होते. मग दुसरी ओळ आली आणि बडेसाबांनी हात वर केला.

"थांबा."

थांबले सगळे.

"तिसऱ्या सुरानंतर एक मात्रा रिकामी हाय. ती कुटं गेली?"

धनाजीनं भारतकडं बघितलं. "रिकामी कुठली मात्रा? सरळ जायचं की."

"सरळ न्हाय जायचं. माज्या भनीच्या पाठवनीला बांदली ही चाल. गाडीत चढताना तिनं मागं वळून बगितलं, तवा मी फुकायचा थांबलो. तेवडी मात्रा रिकामी. तितं कुनी वाजवायचं न्हाय, तितं पोरगी मागं बगती. मी दर टायमाला थांबतो. तुमी?"

भारत खाली बघत होता. मास्तर दुसऱ्या ओळीला मागं राहतात, लोक हसतात, म्हणून त्यानं त्यांना माझ्याकडं आणलं होतं. मागं कुणी राहिलंच नव्हतं. सगळा बँड ती मात्रा गिळून पुढं धावत होता, आणि एकटा बहिरा माणूस बरोबर थांबत होता.

अखेर भारत चाचरत म्हणाला, "मास्तर, पंधरा वर्षं आम्ही असंच वाजवतोय. लोकांच्या कानात आता हेच बसलंय. आता ते कायमचंच झालं की."

बडेसाबांनी पेटी उघडली. क्लॅरोनेटला हात लावला नाही. वरचा घडीचा कागद काढला, उलगडला आणि भारतच्या हातात दिला.

"पंधरा वर्सं चुकलं म्हनून ते कायमस्वरूपी व्हत न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पयल्यापास्नं घ्या."